आदिवासी आणि सरकार यांचं नातं खरंच बदललंय, की नुसते कागद बदललेत?

पुस्तकी_किडा

मंडळी नमस्कार. एमपीएससीचा अभ्यास करतोय, त्यामुळे संविधानाची पाचवी अनुसूची (आदिवासी भागांसाठीची, ज्यांना अनुसूचित क्षेत्र म्हणतात), पेसा 1996 (त्या भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), वनहक्क कायदा 2006 (जंगलात राहणाऱ्यांचे जमिनीवरचे आणि जंगलावरचे हक्क मान्य करणारा) हे सगळं तोंडपाठ आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी कलम सांगेन. पण जेवढं जास्त वाचतोय तेवढा गोंधळ वाढतोय. 2006 च्या कायद्याच्या प्रस्तावनेत सरकार स्वतःच म्हणतं की जंगलात राहणाऱ्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला, म्हणजे चक्क लेखी कबुली. आणि मग 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो माणसं चालत येतात, पायांना फोड आलेले फोटो आपण सगळ्यांनीच बघितले, आणि त्यातल्या बहुतेकांची मागणी काय, तर बारा वर्षांपूर्वी तुम्हीच केलेला कायदा अमलात आणा. हे काही डोक्यात बसत नाही.

तर प्रश्न असा की हे नातं खरंच बदललंय का, आणि बदललं असेल तर ते नेमकं कशात दिसतं? पेपरात लिहायचं उत्तर माझ्याकडे आहे, ते नकोय. तिथे काम केलेल्यांनी किंवा तिथल्याच कुणी सांगितलं तर बरं होईल. आणि प्लीज गाडी आरक्षणावर नेऊ नका, त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तिथे रोज मारामाऱ्या चालूच आहेत.

जुनी_फाईल

आधी मागचं थोडं सांगतो, नाहीतर 2006 चा कायदा म्हणजे सरकारला एक दिवस अचानक उपरती झाली असं वाटेल.

न्यूझीलंडमध्ये तिथल्या माओरींशी केलेला 1840 चा वैतांगीचा करार आहे, कॅनडात राजाशी केलेले करार आहेत. ते मोडले, फसवून केले, सगळं खरं, पण भांडायला समोर एक कागद तरी आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तेही नव्हतं. इंग्रज सरकार जंगलात आलं तेच मालक म्हणून. 1878 च्या कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित असे वर्ग पाडले आणि 1927 चा कायदा तर अजून चालू आहे. त्यातली पद्धत बघा, जंगल राखीव करायचं म्हणून जाहीर करायचं, कुणाचा हक्क असेल तर त्याने किमान तीन महिन्यांच्या मुदतीत दावा करायचा, नाही केला तर हक्क संपला. आता जंगलात राहणाऱ्या, लिहिता वाचता न येणाऱ्या माणसाला ती नोटीस कळणार कशी आणि कळली तरी तो तालुक्याला जाऊन कुणापुढे उभा राहणार? त्यामुळे पिढ्यानपिढ्या राहणारा माणूस आपल्याच जागेत अतिक्रमणदार झाला आणि स्वातंत्र्यानंतर आपण ते रेकॉर्ड जसंच्या तसं उचललं. 1980 चा वनसंवर्धन कायदा आल्यावर तर केंद्राच्या परवानगीशिवाय काही करायचं म्हटलं तरी करता येईना.

तसं संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंह मुंडांनी 1946 लाच ऐकवलं होतं की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती तुम्हालाच त्यांच्याकडून शिकावी लागेल, अशा अर्थाचं. टाळ्या पडल्या असतील नसतील, मिळाली पाचवी अनुसूची, ज्यात राज्यपालांना प्रचंड अधिकार आहेत. एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू नाही असं ते नुसत्या अधिसूचनेने म्हणू शकतात. पण वर्षानुवर्षं ते अधिकार फारसे कुणी वापरलेच नाहीत.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या, प्रत्येक कायद्याच्या आधी काहीतरी पेटलेलं सापडतं. 1855 चा संथाळांचा हूल, म्हणजे उठाव, झाला आणि संथाळ परगणा वेगळा केला. बिरसा मुंडांचा उलगुलान 1900 ला दडपला, मग 1908 ला छोटानागपूर टेनन्सी कायदा आला. 2002 च्या मे महिन्यात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं की वनजमिनीवरची अतिक्रमणं काढा, काही ठिकाणी तर हत्ती लावून झोपड्या पाडल्या, त्यावर देशभर ओरड झाली आणि त्यातून 2006 चा कायदा झाला. सरकार आपणहून चार पावलं पुढे आलं असं एकही उदाहरण मला पटकन आठवत नाही. कुणाला आठवत असेल तर सांगा.

बांबूबन

मी गडचिरोली जिल्ह्यात ग्रामसभांसोबत काम करतो, सामूहिक वनहक्काचे (म्हणजे अख्ख्या गावाच्या मिळून जंगलावरच्या हक्काचे) दावे, मग आराखडे, मग हिशोब, आता तर अर्धा वेळ हिशोबातच जातो. तुम्ही विचारलं ना बदल कशात दिसतो, तर माझं उत्तर एका शब्दात आहे, टीपी. म्हणजे वाहतूक परवाना.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखा गावाचं नाव ऐकलंच असेल, "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच. गोंडांचं गाव, शंभरेक घरं असतील, निर्णय बहुमताने नाही तर सर्वसहमतीने घेतात, एकजण जरी नाही म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीत. त्यांना 2009 ला साधारण 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू हे गौण वनोपज (म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल) आहे, मालकी ग्रामसभेची, सगळं स्पष्ट लिहिलेलं. बांबू तोडला, विकायला काढला, आणि घोडं अडलं ते वाहतूक परवान्यावर. कारण टीपीचं पुस्तक वनखात्याकडे, आणि टीपी नसेल तर तुमच्याच मालकीचा बांबू रस्त्यावर आला की चोरीचा माल. म्हणजे हक्क आहे पण माल गावाबाहेर जात नाही. शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण दोघं त्या गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. एका पावतीपुस्तकासाठी केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री यावे लागले, यावरूनच समजा की अडवणारी गाठ किती घट्ट होती. पुढे 2012 ला नियमच बदलले आणि टीपी ग्रामसभेची समितीच देईल असं आलं.

आता माझ्या कामाच्या भागात गावचं बारावी झालेलं पोरगं टेबल मांडून बसतं, ट्रकचा नंबर, किती बंडल, कुठे चालले, तारीख, आणि खाली ग्रामसभेचा शिक्का मारून सही करतं. नाक्यावर गाडी थांबवली की ड्रायव्हर तो कागद दाखवतो. ज्या पोराच्या आजोबाने गार्डला कोंबडी देऊन मोळी आणली ते पोरगं सही करतंय, मला तरी हा बदल पोस्टरवरच्या सगळ्या योजनांपेक्षा मोठा वाटतो.

पण लगेच गोड शेवट नका करू. तेंदूपत्त्याचं, म्हणजे विडीच्या पानांचं, ऐका. आमच्याकडे पेसा आणि वनहक्काखाली ग्रामसभा स्वतः तेंदू विकायला लागल्या, सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग. ठेकेदार सगळ्या गावांना वेगवेगळं गाठून भाव पाडायचा. मग 2017 ला जीएसटी आला, तेंदूपत्त्यावर तेव्हा 18 टक्के, त्यानंतरच्या हंगामात भाव असा आपटला की काही गावांची मजुरी अडकली, रॉयल्टी तर सोडाच. यातूनच कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली, एकत्र बोली, एकत्र करार. हे कुठल्या जीआरमध्ये सांगितलेलं नव्हतं, गरजेतून उभं राहिलं. आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर उलटच केलं, तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण चांगल्या पानांसाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, झाडं मरतात. हातचा पैसा सोडला आणि बांबूवर भर दिला. वनखात्याने इतकी वर्षं सांगितलं की लोकांच्या हाती जंगल दिलं तर ते संपवतील.

साग_आणि_शिवण

वरच्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. खात्यात नोकरी झाली, आता रिटायर आहे, त्यामुळे पेन्शन जाण्याची भीती नाही, मोकळेपणाने बोलतो.

मेंढा, पाचगाव ही गावं चांगलीच आहेत, वाद नाही. पण दरवेळी तीच नावं का येतात हाही प्रश्न विचारा ना. तिथे वीस वीस वर्षं बसून काम करणारी माणसं होती, अभ्यासगट होते. प्रत्येक गावात ते आहे का? दुसरं, कायद्यात तारीख आहे 13 डिसेंबर 2005, त्याच्या आधीपासूनचा कब्जा पाहिजे. मी स्वतः असे पट्टे बघितलेत जिथे 2005 च्या सॅटेलाइट फोटोत दाट जंगल आहे आणि दावा मात्र पन्नास वर्षांच्या शेतीचा. सगळे असे नाहीत, पण असे आहेतच, आणि ते करवून घेणारा बहुतेक वेळा आदिवासी नसतो, गावातला कुणीतरी पुढारी असतो, हे पण लिहितो म्हणजे माझ्यावर तुटून पडू नका.

आणि फील्डवरच्या माणसाची बाजू कुणी बघत नाही. 1980 चा कायदा सांगतो एक इंच जमीन दिली तर तू जबाबदार. 2006 चा कायदा सांगतो दावा अडवला तर तू जबाबदार. गार्ड काय करणार, तो फाईल वर पाठवून मोकळा होणार. मात्र एक मान्य करतो की नव्वदच्या दशकात आम्ही जी संयुक्त वनव्यवस्थापनाची समिती करायचो त्यात सचिव आमचाच वनपाल असायचा, दप्तर त्याच्या पिशवीत, खात्यावर सही त्याची. गावाने कष्ट करायचे आणि बैठक कधी घ्यायची ते आम्ही ठरवायचं. त्याला भागीदारी म्हणणं जरा जास्तच होतं.

पाड्यावरचा

साहेब, तुटून नाही पडत, पण सॅटेलाइटचं निघालंच आहे तर ऐका. आमचा पाडा नाशिक जिल्ह्यात डोंगरावर, आम्ही कोकणा. आमच्याकडे शेत म्हणजे उतारावरचे तुकडे, नागली आणि वरई, दोन चार वर्षं पेरायचं आणि मग एक तुकडा पड ठेवायचा. त्यात मोहाची, आंब्याची झाडं असतात, ती आम्ही तोडत नाही. वरून फोटो काढला तर ते जंगलच दिसणार ना. आमच्या आज्याला कशाचा कागद नव्हता, पण एक गोष्ट होती, दंडाच्या पावत्या. दरवर्षी गार्ड यायचा, अतिक्रमण केलं म्हणून दंड करायचा, पावती द्यायचा. आज्याने त्या सगळ्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या, का ते त्यालाच माहीत, फेकवत नसतील. 2008 नंतर दावे भरायला लागलो तेव्हा कळलं की हाच सगळ्यात भारी पुरावा, कारण तुमच्याच खात्याने लिहून दिलंय की हा माणूस 1970 च्या आसपास इथे कसत होता. ज्यांनी राग येऊन पावत्या चुलीत घातल्या ते आता म्हाताऱ्यांचे जबाब गोळा करत बसलेत. कायद्यात जबाब पण चालतो, जुनी विहीर चालते, थडगी चालतात, पण कचेरीत गेलं की साहेब म्हणणार कागद दाखवा.

आणि मिळालं ते किती? आमच्या पाड्यावर ज्याने दीड हेक्टर मागितली त्याला पंधरा वीस गुंठे मिळाल्याची उदाहरणं आहेत. कमी का केली याचं कारण लेखी देत नाहीत, मोजणीला कोण आलं, कुठे उभं राहिलं, काही कळत नाही. बरं पट्टा नवरा बायको दोघांच्या नावाने असतो ही गोष्ट मात्र खरोखर चांगली आहे, माझ्या आईचं नाव पहिल्यांदा कुठल्या जमिनीच्या कागदावर आलं असेल तर ते हेच. पण सातबाऱ्यावर आमची नावं इतर हक्कात आणि वर मालक म्हणून वनखातंच. सोसायटीत पीककर्जाला गेलं की विचारतात मालक कोण. विकता येत नाही, ते बरोबरच आहे, नाहीतर आत्तापर्यंत अर्ध्या डोंगरावर फार्महाऊस झाले असते. पण कर्ज पण नाही आणि वादळाने पीक गेलं तर भरपाईला पण फेऱ्या.

2018 ला मी पण चाललो होतो. त्या वेळी सहा महिन्यांत दावे निकाली काढतो असं सरकारने सांगितलं. 2023 ला परत लोक निघाले, तेव्हा वाशिंदला थांबले. आता यातून नातं बदललं का ते तुम्ही ठरवा. माझ्या मते एवढं बदललंय की आधी गार्ड आला की आम्ही रानात पळायचो, आता कायद्याचं पुस्तक काढून दाखवतो. त्याने काम होतंच असं नाही, पण पळत नाही कुणी.

एक राहिलंच. जिल्हा समितीने दावा नाकारला की पूर्वी पुढे वाट नव्हती, कोर्टात जायचं तर पैसे कुठून आणणार. 2020 मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीचा अधिकार वापरून विभागीय पातळीवर अपील ठेवलं. जुनी_फाईल म्हणतात अधिकार वापरले नाहीत, ते जुन्या काळाबद्दल खरं आहे, पण अलीकडे महाराष्ट्रात थोडे वापरलेत. पेसाचा पाच टक्के अबंध निधी (कशावर खर्च करायचा ते गावानेच ठरवायचा पैसा) पण तसाच आला, थेट गावाला. आमच्या ग्रामपंचायतीने त्यातून काय केलं ते विचारू नका, तो पैसा पंचायतीच्या मोठ्या गावातच जिरला, म्हणून तर आम्ही पाड्याची वेगळी ग्रामसभा जाहीर करून घ्यायच्या मागे लागलोय. पेसाच्या नियमात पाडा स्वतंत्र गाव होऊ शकतो, अर्ध्याहून जास्त मतदारांचा ठराव लागतो, तो केला, फाईल प्रांताकडे आहे.

पुस्तकी_किडा

बापरे, दंडाच्या पावत्यांचं माहीतच नव्हतं. एवढं सविस्तर लिहिलंत, सगळ्यांचे आभार. अजून एक विचारतो. टीपी, पट्टे हे समजलं. पण ग्रामसभा "नाही" म्हणाली तर सरकार ऐकतं का? म्हणजे बांबू विकायला परवानगी देणं वेगळं आणि खाण नको म्हटल्यावर ती खरंच न होणं वेगळं. परीक्षेत नियमगिरी येतं, ओडिशातला तो डोंगर जिथली खाण ग्रामसभांनी अडवली, पण नियमगिरी नंतर काय?

जुनी_फाईल

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. नियमगिरी घडलं हे खरं. एप्रिल 2013 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की डोंगरिया कोंधांच्या देवाचा डोंगर आहे, हक्क बाधित होतात का ते ग्रामसभांनी सांगावं. ओडिशा सरकारने शंभराहून जास्त वस्त्यांतल्या फक्त बारा निवडल्या, बहुतेक सोयीच्या वाटल्या असतील, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. जिल्हा न्यायाधीशांसमोर, प्रत्येक गावात वेगळी बैठक. 2014 च्या सुरुवातीला केंद्राने बॉक्साइटची परवानगी नाकारली. त्याच्या आधी 1997 चा समता निकाल आहे, आंध्रातला, अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीनसुद्धा खाजगी कंपनीला खाणीसाठी देता येणार नाही असा.

पण त्यानंतर हवा उलटी आहे. 2019 च्या 13 फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानेच ज्यांचे दावे नाकारले त्यांना जंगलाबाहेर काढा असा आदेश दिला, लाखो कुटुंबांचा प्रश्न होता, आरडाओरडा झाल्यावर 28 तारखेला स्थगिती आली. आणि 2022 चे वनसंवर्धन नियम बघा. पूर्वी केंद्राने वनजमीन वळवायला मंजुरी द्यायच्या आधी ग्रामसभेची संमती असायला हवी होती. आता केंद्र आधी मंजुरी देऊन मोकळं, वनहक्काचं काय ते राज्याने नंतर बघायचं. हक्क कुणी काढून घेतला नाही, फक्त ग्रामसभेला विचारायची वेळ प्रकल्प ठरून झाल्यानंतरची केली. मशीनची ऑर्डर गेलेली, नोकऱ्यांच्या जाहिराती आलेल्या, मग गावात येऊन विचारणार की बाबांनो तुमचं काय म्हणणं आहे. कुठला कलेक्टर त्या टप्प्यावर नाही लिहून वर पाठवेल?

म्हणून मला बांबूबन यांचं पूर्ण पटत नाही. टीपीवरची सही ही माप आहे, पण लहान गोष्टींची. जमिनीच्या वर जे उगवतं त्यावर सरकारने हळूहळू हात सैल केला. खाली जे आहे त्यावर अजिबात नाही.

बांबूबन

हे मात्र मान्य. एटापल्ली तालुक्यातलं सुरजागड आमच्या समोर आहे, लोखंडाचा डोंगर, माडियांचा ठाकूरदेव तिथेच, दरवर्षी जानेवारीत यात्रा भरते. आजूबाजूच्या ग्रामसभांनी खाणीविरुद्ध ठराव केले, खाण चालू आहे. तरुण पोरं दोन्हीकडे आहेत, काही ठरावावर सही करणारी, काही तिथेच कामाला जाणारी, एकाच घरातली पण. पोटाचा प्रश्न आहे, नावं ठेवण्यात अर्थ नाही.

तरी टीपीला छोटी गोष्ट म्हणू नका हो. ज्या गावाने बांबूचा हिशोब ठेवलाय, ज्याच्या खात्यात स्वतःचा पैसा आहे, ज्याला वकील करता येतो, त्या गावाचा ठराव फेकणं जरा अवघड जातं. बिनहिशोबी गावाचा ठराव पहिल्याच टेबलावर गायब होतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. शिवाय पाड्यावरचा म्हणतो तसं विचारायची भीती गेली हे काही कमी नाही.

पुस्तकी_किडा, परीक्षा झाली की एकदा इकडे या. कलेक्टर ऑफिसला जाऊन किती दावे मंजूर ते विचारू नका, तो आकडा इंटरनेटवर आहे. कुठल्याही गावात ग्रामसभेचं ठराव रजिस्टर बघायला मागा, कोण हजर होतं, बायका किती, कुणी काय म्हटलं, कोणता विषय तीनदा पुढे ढकलला, सगळं त्यात असतं. दाखवतील नक्की. फक्त आधी विचारतील की तुम्ही कोणत्या खात्याकडून आलात.

पाड्यावरचा

आमच्याकडे पण या. पण पावसाळा संपल्यावर, आत्ता रस्ता नाही. आणि प्रांत ऑफिसात कुणी ओळखीचं असेल तर आमच्या पाड्याच्या फाईलचं जरा बघा, वर्ष होऊन गेलं.